किती सोडले आणि किती जगले



नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर तालुक्यात मावची, गावित आणि कोकणी कुटुंबांच्या शेततळ्यांवर मी मत्स्यशेतीचा क्षेत्रीय सल्लागार म्हणून काम करतो. मंडळ्यांच्या भेटीला गेलो की एक प्रश्न हमखास येतो. "आमच्या देणगीतून या वर्षी किती मत्स्यबीज वाटले?" प्रश्न आपुलकीचा असतो, आणि देणाऱ्याने हिशोब विचारणे योग्यच आहे. पण या आकड्यावर मला थांबता येत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये तळ्यात किती मासे सोडले हे पावतीवरून कळते. त्यातले किती उन्हाळ्यापर्यंत जगले, कसे जगले आणि कसे मेले, हे कळायला तळ्याच्या काठावर उभे राहावे लागते. हा दुसरा हिशोब कसा करायचा ते या पाठात पाहू.

ज्या घरांत मी जातो त्यांची जमीन थोडी आणि बरीचशी उताराची. पावसाळ्यात भात होतो, तूर होते. दिवाळीनंतर पुष्कळ घरांतली धडधाकट माणसे ऊसतोडीला गुजरातेत उतरतात. मागे राहतात ती म्हातारी माणसे आणि शाळेत जाणारी मुले. तळ्यातले मासे वेळेवर आणि चांगल्या वजनाचे विकले गेले तर घरातले निदान एक माणूस मुलांपाशी राहू शकते. मासे मेले तर तेही कोयता घेऊन निघते. म्हणून माशाची काळजी हा माझ्यासाठी हौसेचा विषय नाही.

बीज स्वस्त झाले, जीव नाही

आज बीज सहज मिळते, पण ही सोय फार जुनी नाही. पूर्वी कटला, रोहू, मृगळ यांचे बीज पुराच्या वेळी नदीतून गोळा करावे लागे, कारण हे मासे साचलेल्या पाण्यात आपोआप अंडी घालत नाहीत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माशाच्याच पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून या जातींचे प्रजनन घडवून आणले. त्या दिवसाची आठवण म्हणून १० जुलै हा देशात राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. त्या शोधामुळे बीज केंद्रांमध्ये तयार होऊ लागले आणि लहान शेतकऱ्याच्या आवाक्यात आले.

आवाक्यात आले तसे ते मनातूनही स्वस्त झाले. "मेले तर मेले, चार पिशव्या जास्त टाका," असे मी अनेकदा ऐकतो. या एका वाक्यामुळे किती नुकसान होते ते पुढच्या मुद्द्यांवरून दिसेल.

पाण्यातला श्वास

मासा पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवर जगतो. आपण श्वासात घेतो त्या एक लिटर हवेत सुमारे २७० मिलिग्रॅम प्राणवायू असतो. एक लिटर पाण्यात, पाणी ३० अंश तापलेले असेल तर, जास्तीत जास्त साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास मावतो. पाणी २० अंशांवर असेल तर नऊच्या आसपास. म्हणजे मासा आधीच काटकसरीत जगत असतो, आणि उन्हाळा त्या काटकसरीतूनही काढून घेतो. आमच्या कामात लिटरमागे पाच मिलिग्रॅम असले तर मन निर्धास्त असते. तीनच्या खाली गेले की मासा त्रासात असतो.

दिवसा पाण्यातले हिरवे सूक्ष्म शेवाळ उन्हात प्राणवायू तयार करते. रात्री तेच शेवाळ, मासे आणि तळाशी कुजणारा गाळ सगळे मिळून तो वापरतात. म्हणून प्राणवायू सर्वांत कमी असतो तो सूर्य उगवण्याच्या थोडे आधी. दुपारी तळे पाहून जाणाऱ्याला हे कधीच दिसत नाही. माझ्या फेऱ्या पहाटे साडेपाचला सुरू होतात त्या यासाठी.

मागच्या पावसाळ्यात एका गावी सलग तीन दिवस आभाळ भरलेले होते. तळ्याच्या मालकाने शेजाऱ्याचे ऐकून कोंबडीखताच्या काही गोणी पाण्यात ओतल्या होत्या. आमच्या भागात कोंबड्यांच्या शेड आहेत, खत सहज मिळते. चौथ्या पहाटे त्यांचा फोन आला. "भाऊ, सगळे मासे वर आलेत. तोंड उघडताहेत." काठावर जमलेली पोरे टोपल्या घेऊन उभी होती, हाताने धरता येतील एवढे मासे वर, मग आनंदच! मी फोनवर तीन गोष्टी सांगितल्या. खाद्य टाकू नका. कोणी पाण्यात उतरून मासे धरू नका. पंपाने तळ्याचेच पाणी उचलून उंचावरून तळ्यात पाडा. वीज नव्हती. मग चार-पाच जणांनी काठाने बांबू आपटायला सुरुवात केली, बायका घागरी भरभरून उंचावरून ओतत राहिल्या. मी पोहोचलो तेव्हाही ते चालूच होते. उन्हाची तिरीप पाण्यावर आली, आणि तासाभराने मासे एकेक करून खाली गेले. बत्तीस मेलेले आम्ही मोजले. बाकीचे वाचले.

ते काका मला म्हणाले, "पाण्यात राहून पाण्यातच गुदमरतात, हे कोणी सांगितलेच नव्हते."

त्यानंतर त्या गावात आम्ही एक सोपी तपासणी रुजवली. हात कोपरापर्यंत पाण्यात घाला आणि तळवा पाहा. कोपर बुडेपर्यंत तळवा दिसेनासा झाला तर पाणी ठीक आहे. मनगट बुडताच तळवा दिसेना झाला तर शेवाळ फार झाले. खत आणि खाद्य थांबवा. कोपर बुडूनही तळवा स्वच्छ दिसत असेल तर पाण्यात माशाला खायला फारसे काही नाही. थोडे कुजलेले शेणखत चालेल. या तपासणीला ना यंत्र लागते, ना पैसा. आता शाळेत जाणारी मुलेही जाता जाता हात घालून पाहतात.

गर्दी

आमच्याकडे बऱ्याच शेततळ्यांचा आकार ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल असा असतो. म्हणजे ९०० चौरस मीटर पाणी. हवा देणारे यंत्र नसलेल्या तळ्यात हेक्टरी ५,००० बोटुकली हे नेहमीचे प्रमाण धरले तर या तळ्यात सुमारे ४५० मासे बसतात. वरच्या थरात खाणारा कटला चार भाग, मधल्या थरातला रोहू तीन भाग आणि तळाशी खाणारा मृगळ तीन भाग असे वाटले की कटला १८०, रोहू १३५ आणि मृगळ १३५. तिघांची जेवणाची जागा वेगळी, म्हणून एकमेकांच्या ताटात हात जात नाही.

या तळ्यात दोन हजार बीज सोडताना मी पाहिले आहे. एका योजनेतून ते आले होते, आणि कागदावर आकडा मोठा दिसायचा होता. वर्षअखेरीस त्या तळ्यातले मासे तळहाताएवढेच राहिले. बाजारात त्यांना भाव नाही. बरेच तर बाजारापर्यंत पोहोचलेच नाहीत.

दाटीत मासा वाढत नाही, एवढेच नाही. घाण वाढते, अमोनिया साचतो, कल्ल्यांना इजा होते, अंगावर उवा लागतात आणि एकाचा रोग दुसऱ्याला चटकन होतो. हे आमच्या लोकांना फार समजावून सांगावे लागत नाही. २००६ च्या फेब्रुवारीत भारतातला बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक नवापुरातच नोंदला गेला. तेव्हा शेडमधल्याच नव्हे, परसातल्या कोंबड्याही माराव्या लागल्या. एक आजारी पडले की सगळे जाते, हे त्या पिढीने आपल्या अंगणात पाहिले आहे. मी फक्त एवढेच म्हणतो, "पाण्याखाली दिसत नाही म्हणून तिथे वेगळे काही घडत असेल असे समजू नका."

गर्दीचा दुसरा काळ येतो तो उन्हाळ्यात. ऑगस्टमध्ये ४५० मासे सुखाने राहतात तिथे मार्चमध्ये पाणी निम्म्यावर येते, मासे मात्र कित्येक पटींनी वाढलेले असतात. म्हणून जानेवारीपासूनच मोठे मासे थोडे थोडे काढून आठवडे बाजारात विकावेत असा आमचा आग्रह असतो. उरलेल्यांना जागा मिळते. घरात एकदम पैसा येऊन उडण्याऐवजी दर पंधरवड्याला थोडा येतो. आणि मे महिन्यात तळी आटू लागल्यावर सगळे एकदम विकायला बसतात, भाव पडतो, तेही टळते.

हात लावण्याआधी

बीज तळ्यात सोडण्याची घटका फार नाजूक असते. पिशवीत एक भाग पाणी आणि दोन भाग प्राणवायू भरलेला असतो. आतले पाणी आणि तळ्याचे पाणी यांच्या तापमानात फरक असतो. पिशवी फाडून थेट ओतली तर इवल्याशा माशाला तो धक्का सोसत नाही. तो लगेच मरतोच असे नाही. दोन-तीन दिवसांनी मरतो, आणि मग दोष बीजाला दिला जातो. म्हणून:

१. बीज सकाळी लवकर किंवा संध्याकाळी आणा. भर दुपारी नको.
२. बंद पिशवी तळ्यात १५ ते २० मिनिटे तरंगत ठेवा.
३. पिशवी उघडून तळ्याचे पाणी थोडे थोडे आत घाला.
४. पिशवी आडवी धरा आणि मासे आपले आपण बाहेर पडू द्या.

शेवटचे पाऊल मी नेहमी घरच्या मुलांच्या हाती देतो. मुले श्वास रोखून बघत राहतात. ज्या मुलाने मासा आपणहून पिशवीबाहेर जाताना पाहिला, ते मूल त्या तळ्यात दगड मारत नाही, असा माझा अनुभव आहे.

पुढे वजन पाहण्यासाठी महिन्यातून एकदा चार मासे काढावे लागतात. तेव्हा हात ओले हवेत. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर हे त्याचे रोगापासूनचे पांघरूण आहे. कोरड्या हाताने किंवा फडक्याने धरले की ते निघून जाते. वजन कळले की खाद्याचा हिशोब सोपा होतो. समजा ४०० मासे सरासरी पाव किलोचे झाले, तर तळ्यात १०० किलो मासा आहे. त्याच्या दोन टक्के, म्हणजे दिवसाला दोन किलो खाद्य. भाताचा कोंडा आणि भुईमुगाची पेंड समभाग, भिजवून, भोके पाडलेल्या गोणीतून बांबूला टांगून द्यावे. दुसऱ्या दिवशी गोणीत उरले तर कमी करावे. उरलेले खाद्य तळाशी कुजते आणि पहाटेचा प्राणवायू खाते.

माशाला दुखते का?

हा प्रश्न गावात हसत विचारला जातो, शहरातल्या मंडळीत गंभीरपणे. माझे उत्तर दोन्हीकडे सारखे असते. ब्रिटनमध्ये लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली ट्राउट जातीच्या माशांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. ओठांत आम्ल टोचलेल्या माशांनी बराच वेळ खाणे सोडले, ते डुलत राहिले, ओठ टाकीतल्या खडीवर घासू लागले. वेदनाशामक दिल्यावर या खुणा कमी झाल्या. मासा आत नेमके काय अनुभवतो यावर शास्त्रज्ञांमध्ये आजही वाद आहे. पण इजेची त्याला काहीच जाणीव नसते, असे म्हणणे आता कठीण झाले आहे.

गावातला पुरावा साधा आहे. एक आजी रोज ठरलेल्या वेळी खाद्य घेऊन जातात. त्या काठावर आल्या की गोणी पाण्यात जाण्याआधीच मासे त्या कोपऱ्यात गोळा होतात. आजी म्हणाल्या, "ओळखतात मला. मग दुखत कसे नसेल?" त्यांना अभ्यास सांगायची गरज मला वाटली नाही.

शेवटचा दिवस

इथवर जे सांगितले त्यात माशाचे आणि माणसाचे हित एकाच दिशेने जाते. प्राणवायू राहिला, गर्दी टळली, हाताळणी नीट झाली की मासा सुखी आणि शेतकऱ्याच्या हातात दोन पैसे जास्त. असे असताना दया सोपी असते. खरी परीक्षा होते ती विक्रीच्या दिवशी.

आमच्याकडे मासे जाळ्यातून काढून टोपलीत टाकतात आणि ते तडफडत तडफडत मरतात. कटला-रोहूसारखे मासे हवेत लगेच मरत नाहीत; बराच वेळ तोंड उघडत-मिटत राहतात. जागतिक प्राणी आरोग्य संघटनेच्या जलचरांसाठीच्या संहितेत पाण्याबाहेर गुदमरवून मारणे हे माशाच्या कल्याणाच्या दृष्टीने वाईट मानले आहे. बर्फात जिवंत ठेवून मारण्याबद्दलही तीच नोंद आहे. चांगला मार्ग म्हणजे मासा बाहेर काढताच डोक्यावर, डोळ्यांच्या किंचित मागे, लाकडी दंडुक्याने एकच नेमका फटका. तो तत्काळ बेशुद्ध होतो. मग लगेच कल्ल्याखालची शीर कापून रक्त वाहू द्यायचे, आणि त्यानंतर बर्फ. जाळे ओढणे पहाटेच करावे, आणि एका वेळी जेवढे मासे लगेच हाताळता येतील तेवढेच ओढावेत. फार धडपड करून मेलेल्या माशाचे मांसही लवकर नरम पडते.

हे मी एका बचत गटाच्या बैठकीत सांगितले तेव्हा बाजारात बसणारी एक ताई म्हणाली, "भाऊ, तुमचे खरे आहे. पण गिऱ्हाईक म्हणते, मासा हलतो का दाखव. हलला नाही तर शिळा म्हणते आणि पुढे जाते. माझ्या घरी पाच माणसे खायला आहेत."

तिचे म्हणणे खोटे नव्हते. तिला दोष देऊन मी तिथून निघून येऊ शकत नव्हतो. आम्ही मिळून एक तोड काढली. तीन ताया शेजारी शेजारी बसतात. मासे पहाटेच मारून बर्फात आणतात. गिऱ्हाईक आले की कल्ला उचलून आतला लाल रंग दाखवतात, डोळा चकचकीत आहे ते दाखवतात, बोटाने दाबून मांस वर येते ते दाखवतात. काही गिऱ्हाइके आता ठरवून त्यांच्याकडेच येतात. काही अजूनही फडफडणारा मासा शोधत पुढे जातात. त्या दिवशी त्या तिघी उशिरापर्यंत बसतात, आणि थोडे मासे कमी भावाने द्यावे लागतात. हा तोटा अजून पूर्ण भरून निघालेला नाही. तरी त्यांनी सोडलेले नाही. का, असे विचारले तर ती ताई म्हणाली, "दहा महिने पोसलेला जीव आहे. शेवटी त्याला एवढा वेळ तडफडत कशाला ठेवायचे?"

नीतिसूत्रे १२:१० हे वचन आपल्यापैकी पुष्कळांना पाठ आहे. माणसाचे नीतिमत्त्व त्याच्या जनावराशी असलेल्या वागण्यात पाहावे, असे ते सुचवते. ते वाचताना माझ्या डोळ्यांपुढे पूर्वी बैल येत असे. आता ती बाजारातली ताई येते.

आपण काय करू शकतो

तळ्यात जास्त बीज टाकण्यासाठी पैसा गोळा करणे सोपे आहे. पिशव्या मोजता येतात, त्यांचा फोटो निघतो. पण ज्या तळ्यात ४५० मासे बसतात तिथे ४५०च सोडणे, आणि उरलेला पैसा एखाद्या छोट्या पंपासाठी, बर्फाच्या पेटीसाठी, पहाटे फिरणाऱ्या कार्यकर्त्याच्या प्रवासासाठी वापरणे, याचा फोटो निघत नाही. तरी माशाला आणि घराला वाचवते ते हेच. म्हणून पुढच्या वेळी आम्हाला हिशोब विचाराल तेव्हा असा विचारा: किती सोडले, त्यातले किती काढले, सरासरी वजन किती भरले, आणि त्या घरातले कोण या वर्षी ऊसतोडीला गेले नाही? या प्रश्नांची उत्तरे तयार ठेवणे हे आमचे काम आहे.

आणि आपण शहरात मासे घेता तेव्हाही एक करता येईल. फडफड मागू नका. कल्ला पाहा, डोळा पाहा, आणि पैसे द्या. गिऱ्हाईक बदलले तर आमच्या तायांना दुपारी घरी जाता येईल.

गटात चर्चेसाठी

१. आपल्या मंडळीच्या मदतीचा हिशोब आपण "किती दिले" यावर करतो की "पुढे काय झाले" यावर? एक उदाहरण घेऊन बोला.
२. जिथे दया केल्याने फायदा होतो आणि जिथे तोटा होतो, अशा दोन जागा आपल्या रोजच्या कामातून सांगा. दुसऱ्या जागी आपण काय करतो?
३. बाजारातल्या ताईचा तोटा तिने एकटीने सोसावा का? त्यात आपला वाटा कोणता असू शकेल?